गच्चीवरचं ज्युनिपर हिरवं दिसतंय, पण जिवंत आहे का?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार दिवस सासरी, पारोळ्याला जायचं होतं. गच्चीवरच्या ज्युनिपरच्या बोन्सायला पाणी कोण घालणार, म्हणून निघताना मी त्याचा ट्रे पाण्याने भरलेल्या घमेल्यात ठेवून दिला. परत आलो तर झाड जसंच्या तसं, हिरवंगार. मी बायकोजवळ फुशारकीही मारून घेतली. तीन आठवड्यांनी त्याचा रंग उतरल्यासारखा वाटायला लागला. मला वाटलं तहान लागली असेल, म्हणून पाणी वाढवलं. मृग निघाला तेव्हा पानांना हात लावला की ती कुरकुरत खाली पडत होती. पारोळ्याची मावशी आली होती, ती बघून म्हणाली, "हाई झाड मरी गयं, भाऊ."

झाड मेलं होतं आखाजीलाच. जळगावच्या मे महिन्यात, ४४ अंशांना, घमेल्यातल्या पाण्यात दुपारी हात घालवत नाही. त्या पाण्यात मुळं चार दिवस बुडून होती. ती तिथेच गुदमरली आणि शिजली. मला कळलं महिन्याभराने, कारण ज्युनिपर मेलेलंसुद्धा बरेच दिवस हिरवं राहतं.

हा लेख त्या महिन्याभराबद्दल आहे. झाड 'जरा बरं दिसत नाही' असं पहिल्यांदा मनात येतं तिथपासून ते नवीन फूट दिसेपर्यंत काय करायचं, कोणत्या क्रमाने, आणि कशाला हात लावायचा नाही. माझ्या गच्चीवर शिकलेलं आहे, म्हणजे जळगाव-भुसावळ-धुळ्याच्या उन्हात. पुण्या-नाशिकच्या माणसाने उन्हाचे आकडे थोडे सैल करून घ्यावेत.

आधी झाड कोणतं, ते ओळखा

नर्सरीत 'पाइन', 'ख्रिसमस ट्री', 'ज्युनिपर' ही नावं कुठल्याही टोकदार पानाच्या झाडाला चिकटवतात. आपल्याकडे बोन्साय म्हणून सूचिपर्णी झाडांपैकी बहुतेक दोनच दिसतात. एक ज्युनिपर: खवल्यांसारखी किंवा बारीक टोचरी पानं, बहुधा बंगळूर-पुण्याकडून आलेलं, लाल मातीच्या गोळ्यात. दुसरी मोरपंखी: पंख्यासारखे उभे, चपटे पापुद्रे. मोरपंखी चिवट आहे, आपलं चुनखडीचं पाणीही बऱ्यापैकी सोसते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने खानदेशात मोरपंखीच घ्यावी असं माझं मत आहे, जरी बोन्सायवाले तिच्याकडे नाक मुरडत असले तरी.

मनालीच्या सहलीतून पिशवीत आणलेला देवदार हा वेगळा विषय आहे. त्याला हिवाळ्यात खरी थंडी लागते. आपला मे तो एखादा काढेल, दोन काढणं कठीण. त्यात तुमचा दोष नाही.

आणि सुरू. सुरूचं बोन्साय सुंदर होतं, दिसतंही पाइनसारखं, पण ते सूचिपर्णी नाहीच. ते फुलणारं झाड आहे, आणि आपण ज्याला पानं म्हणतो त्या सांधे असलेल्या बारीक हिरव्या काड्या आहेत. त्याला छाटलं तर फुटतं. खालचं बरंचसं त्याला लागू होत नाही.

हा फरक महत्त्वाचा अशासाठी, की वड, पिंपळ, उंबर, बोगनवेल यांच्यावर आपला हात बसलेला असतो. ती मलूल झाली की आपण छाटतो, आणि उघड्या खोडातूनसुद्धा लालसर कोंब येतात. ज्युनिपर आणि मोरपंखीत तसं होत नाही. ज्या फांदीवर हिरवं काहीच उरलं नाही ती फांदी बहुधा कायमची गेली. उरलेलं हिरवं हेच त्याचं स्वयंपाकघर. मुळं पुन्हा वाढायला लागणारं अन्न तिथेच तयार होतं. आजारी ज्युनिपर 'फुटावं म्हणून' छाटणं म्हणजे उपाशी माणसाच्या घरची चूल मोडण्यासारखं आहे. मी पहिल्या झाडाच्या शेवटच्या दिवसांत तेही केलं होतं.

जिवंत आहे की नाही

तीन गोष्टी बघा, याच क्रमाने.

रंग. निरोगी ज्युनिपरच्या हिरव्यात एक ओलसर तजेला असतो. मरत असलेल्याचा हिरवा राखाडी होतो, धूळ बसल्यासारखा. धूळ असेल असं समजून एक फांदी पाण्याने धुवा. धुऊनही तसाच मेणचट राखाडी राहिला तर काळजी करा.

लवचीकपणा. पेन्सिलच्या टोकाएवढी बारीक काडी हळूच वाकवा. जिवंत काडी वाकते, मेलेली 'कट' करून तुटते. पानं चिमटीत चोळा. जिवंत पानाचा ज्युनिपरी वास हाताला राहतो, मेलेल्याचा चुरा होतो.

साल. नखाने किंवा ब्लेडने सालीचा अगदी तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा खरवडा. खाली ओलसर हिरवट-पांढरं दिसलं तर तो भाग जिवंत. कोरडं, तपकिरी, लाकडासारखं दिसलं तर तिथलं संपलं. टोकाकडून सुरू करून खोडाकडे या, म्हणजे मरण कुठपर्यंत उतरलंय ते कळेल. एक मात्र लक्षात ठेवा: खोडाची साल मुळं मेल्यावरही काही आठवडे ओली राहू शकते. कोरडी निघाली तर नक्की मेलं, पण ओली निघाली म्हणजे नक्की वाचलं असं नाही.

काही पिवळेपणा आजार नसतोच. ज्युनिपरच्या आतल्या, सावलीतल्या जुन्या पानांचं दरवर्षी तपकिरी होऊन गळणं साधं आहे. टोकं हिरवी असतील तर आतलं बोटांनी झाडून टाका आणि चहा प्या. मोरपंखी डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत काशाच्या भांड्यासारखी तांबूस होते आणि ऊन वाढलं की पुन्हा हिरवी. त्या दिवसांत घाबरून तिला घरात आणू नका. ही झाडं उघड्यावरचीच आहेत. वास्तुशांतीला भेट आलेलं ज्युनिपर शोकेसवर ठेवलं तर दोन-तीन महिन्यांत त्याचा खेळ आटोपतो, कितीही काळजी घेतली तरी.

आता खाली बघा: काडी, वजन, वास

खानदेशात आजारी पडणाऱ्या बहुतेक ज्युनिपरचं दुखणं मुळांत असतं. पानं फक्त निरोप आणतात, तोही उशिरा. म्हणून औषध शोधण्याआधी माती तपासा.

कपाशीच्या पट्ट्यात राहतो तर पऱ्हाटी फुकट आहे. सुकलेल्या पऱ्हाटीची वीतभर सरळ काडी घ्या, साल काढा, एक टोक तासा. ती खोड आणि कुंडीचा काठ यांच्या मध्ये, तळाला टेकेपर्यंत खुपसा आणि दहा मिनिटं राहू द्या. बाहेर काढून गालाला लावा. बोटांपेक्षा गालाला ओल लवकर कळते. काडी तळापर्यंत कोरडी, अर्धी ओली, की पूर्ण काळपट ओली, हे रोज एकाच वेळी आठवडाभर बघा. शेतकऱ्याला एका शब्दात सांगायचं तर आपल्याला कुंडीत सतत वाफसा हवा आहे. ओल आहे आणि हवाही आहे, अशी माती. चिखलही नको आणि ढेकूळही नको.

पाणी घातल्यावर लगेच एकदा आणि काडी निम्मी कोरडी निघेल तेव्हा एकदा कुंडी उचलून बघा. आठ दिवसांत हाताला तो फरक पाठ होतो, मग काडीचीही गरज लागत नाही.

पाणी ओतून बघा. बोन्सायच्या ट्रेमध्ये ते वर साचून न राहता झरझर आत जायला हवं आणि थोड्याच वेळात तळाच्या भोकांतून बाहेर यायला हवं. वर तळं साचत असेल तर माती बसली आहे. उलट, ओतल्या ओतल्या सगळं पाणी काठावरून खाली पळत असेल तर तेही वाईट. त्याचा अर्थ मधला गोळा कोरडा ठणठणीत आहे आणि पाणी त्याच्या बाजूने निघून जातंय. नर्सरीतल्या लाल मातीच्या गोळ्याचं हेच होतं. आम्ही भोवती छान भुसभुशीत मिश्रण भरतो, ते ओलं राहतं, आणि आतला विटेसारखा गोळा महिनोन्महिने थेंब पीत नाही. वर सजावटीची खडी डिंकाने चिकटवलेली असेल तर ती पहिल्याच दिवशी स्क्रूड्रायव्हरने उखडून फेका.

शेवटी वास. तळाच्या भोकापाशी नाक न्या. पहिल्या पावसासारखा मातीचा वास आला तर ठीक. गटारासारखा, आंबूस आला तर मूळकूज धरून चाला. मग झाड ट्रेला बांधणाऱ्या तारा कापून ते गोळ्यासकट अलगद उचलून बघावंच लागेल. निरोगी मुळाचं टोक पांढरट किंवा फिकट पिवळसर असतं, मूळ ओढल्यावर ताण धरतं. कुजलेलं मूळ काळं, बुळबुळीत असतं, आणि चिमटीत धरून ओढलं की त्याची साल मोज्यासारखी निघून येते, आत दोऱ्यासारखी शीर उरते. तो मोजा एकदा हातात आला की पुन्हा कधी विसरत नाही.

पाइनच्या मातीत पांढरं, बुरशीसारखं जाळं दिसलं तर मात्र आनंद माना. ती मुळांची मैत्रीण बुरशी आहे. ती धुऊन टाकू नका, थोडी जुनी माती तशीच ठेवा.

पानांचा निरोप वाचताना

तहान आणि अतिपाणी वरून सारखंच दिसतं, कारण दोन्हींत पानापर्यंत पाणी पोहोचत नाही. माझा पहिला घोटाळा हाच. काडीशिवाय निर्णय घेऊ नका.

काही खुणा मात्र बोलक्या असतात. सगळी टोकं एकसारखी तपकिरी, कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरा थर: क्षार. पश्चिमेकडचीच बाजू करपलेली: दुपारचं ऊन आणि लू. नवीन फूट फिकट पिवळी, जुनं हिरवं: पाणी किंवा माती चुनखडीची, त्यामुळे लोह असूनही झाडाला घेता येत नाही. एकच फांदी गेली, बाकी झाड ठणठणीत: तिथे आकार द्यायला गुंडाळलेली तार रुतली आहे का, वाकवताना चिरली का, किंवा खोडाला भोक आणि भुसा आहे का ते बघा. ज्युनिपरमध्ये खोडाचा एकेक पट्टा बहुधा ठरावीक मुळांकडून ठरावीक फांद्यांकडे जातो. म्हणून एका बाजूची मुळं गेली की त्याच बाजूच्या फांद्या जातात. श्रावणाच्या झडीत टोकं काळपट तपकिरी होऊन त्यांवर बारीक काळे ठिपके दिसले तर बुरशी. तो भाग निरोगी लाकडापर्यंत कापा, कात्री स्पिरिटने पुसा, झाडाला वारा मिळेल असं ठेवा आणि पानं संध्याकाळी भिजवणं थांबवा.

आणि चैत्र-वैशाखात पानं जर बारीक ठिपक्या-ठिपक्यांनी पांढुरकी, विटल्यासारखी दिसली, तर लाल कोळी.

लाल कोळी: पांढऱ्या कागदाची परीक्षा

कपाशी किंवा वांगी केलेल्या माणसाला हा माहीत आहे. कोरडी गरम हवा म्हणजे त्याची दिवाळी. फांदीखाली पांढरा कागद धरा आणि फांदीला दोन टिचक्या मारा. कागदावर धुळीसारखे कण पडतील. अर्धा मिनिट नुसतं बघत राहा. कण चालायला लागले तर ते कोळी. वर बोट फिरवलं की लालसर किंवा हिरवट रेघ उमटते.

इथे एक चूक घरोघर होते. घरात कपाशीवर मारायचं इमिडाक्लोप्रिड पडलेलं असतं, तेच फवारतात. कोळी हा कीटक नाही. आठ पायांचा, कोळ्यांच्या कुळातला प्राणी आहे. ते औषध त्याला तर मारत नाहीच, उलट त्यानंतर कोळी वाढल्याचा अनुभव शेतातही आहे.

माझा उपाय नळीचा. सकाळी बोटाने नळीचं तोंड दाबून पाण्याचा फवारा पानांच्या खालून, आतून, सगळ्या बाजूंनी मारायचा. माती वाहून जाऊ नये आणि पाणी मुरू नये म्हणून ट्रेवर प्लास्टिकची पिशवी बांधायची. असं एक दिवसाआड आठवडाभर करायचं. निम्मं काम यातच होतं. तरी राहिले तर लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि त्यात मिसळायला थोडा पातळ साबण, सूर्य मावळल्यावर फवारायचं. आधी एका फांदीवर करून दोन दिवस थांबा. निळसर झाक असलेल्या ज्युनिपरवर तेलाने ती झाक जाते, झाड बिघडत नाही, फक्त हिरवं दिसतं. अंडी यातून वाचतात आणि गरमीत आठवड्याच्या आत पुढची पिढी तयार होते, म्हणून दर पाच दिवसांनी असे तीन फवारे हवेत. विरघळणारं गंधक उत्तम काम करतं, पण पारा ३२-३५ च्या वर असताना आणि तेलाच्या फवाऱ्याच्या मागेपुढे ते वापरलं की पानं भाजतात. आपल्याकडे होळी ते मृग गंधकाचा डबा बंदच बरा.

पाणी कोणतं घालता

आमच्या गल्लीत बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरं कडं धरतं, गिझरची कॉइल वर्षभर टिकत नाही. तेच पाणी उथळ ट्रेमध्ये रोज ओतायचं आणि मेच्या उन्हाने ते आटवायचं, म्हणजे कुंडीत मीठ पिकवायचंच काम. पाणी उडतं, क्षार तिथेच राहतात.

त्याहून वाईट दोन पाणी. एक, आरओमधून बाहेर टाकलेलं. त्यात क्षार आणखी दाटलेले असतात. दुसरं खास आपलं: कूलरच्या टाकीतलं तळाचं. दिवसभर पाणी उडून उडून टाकीत उरतो तो अर्क. टाकी धुताना 'वाया कशाला घालवायचं' म्हणून ते झाडांना ओततात. कडुलिंबाला चालून जाईल, ज्युनिपरला नाही.

चांगलं पाणी म्हणजे पावसाचं. गच्चीच्या पाइपखाली एक दोनशे लिटरचा ड्रम, वर मच्छरांसाठी फडकं. दुसरं एसीच्या नळीतून टपकणारं, त्यात क्षार जवळपास नसतात. घरात एसी नसेल तर शेजाऱ्याकडे बाटली लावून ठेवायला लाजू नका. सगळ्या झाडांना पुरत नसेल तर आजाऱ्याला हे, बाकीच्यांना नळाचं.

क्षारांची खूण दिसली असेल तर ट्रे मोकळ्या जागी ठेवून हेच गोडं पाणी हळूहळू, ट्रेच्या मापाच्या चार-पाच पट, एका बैठकीत आरपार जाऊ द्या. काठावरचा पांढरा थर जुन्या टूथब्रशने घासा. हे फक्त पाणी नीट निचरत असेल तरच. निचरा बिघडलेल्या कुंडीत हा उपाय म्हणजे माझं घमेलंच.

नळीचं एक सांगायचं राहिलं. गच्चीवर उन्हात पडलेल्या काळ्या नळीतलं पहिलं पाणी उकळत्या चहाच्या जवळचं असतं. ते आधी बादलीत सोडा, हाताला गार लागलं की मग झाडावर. ठिबकची सवय असलेल्यांनी ड्रीपर लावून निर्धास्त होऊ नये. जाडसर मिश्रणात एका ड्रीपरचं पाणी सरळ खाली एकाच रेषेत उतरतं, बाकी ट्रे कोरडा राहतो. झारीने, दोन फेऱ्यांत, मध्ये पाच मिनिटं सोडून घातलेलं पाणी बरं.

उपचार: आधी जागा

पहिल्या दिवशी फक्त जागा बदलायची. पूर्वेच्या भिंतीलगत, सकाळी नऊ-दहापर्यंतचं ऊन आणि पुढे उजेडाची सावली. तशी जागा नसेल तर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट. स्लॅबवर थेट ठेवू नका. दुपारी तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहतो. दोन विटांवर लाकडी फळी, तिच्यावर ट्रे. ट्रेभोवती ओलं बारदान गुंडाळा, पण भोकं मोकळी ठेवा. उन्हात काळा प्लास्टिकचा ट्रे असेल तर मुळं ४० अंशांच्या वर जातात, आणि मुळांना ते पानांपेक्षा फार लवकर बाधतं.

ट्रेच्या एका टोकाखाली विटेचा तुकडा सरकवून तो तिरका ठेवा. उथळ ट्रेच्या तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो, तिरकं केलं की तो भोकातून निघून जातो. ओल्या मातीच्या दुखण्यावर इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. घालून बघा पाणी, थेंब थांबल्यावर तिरकं करा, पुन्हा भळकन पाणी येईल.

पानांवर सकाळ-संध्याकाळ गोड्या पाण्याचा बारीक फवारा. मुळं कमी काम करत असताना पानांतून उडणारं पाणी जितकं वाचेल तितकं बरं. बुरशी असेल तर मात्र संध्याकाळचा फवारा नको. प्लास्टिकच्या पिशवीचा तंबू करा असं सांगणारे भेटतील. थंड जागी ते चालतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये तो प्रेशर कुकर होतो.

कुंडी बदलायची का

माती कोरडी पडत होती, मुळं चांगली आहेत, असं निघालं तर बदलू नका. गोळा कोरडा असेल तर ट्रे काठापर्यंत गार पाण्यात अर्धा तास बुडवा, बुडबुडे थांबले की काढा, निथळू द्या. अर्धा तास. चार दिवस नाही.

माती बसली आहे पण कूज नाही, आणि बाहेर मे आहे: तरीही बदलू नका. जाड विणकामाच्या सुईने गोळ्यात आठ-दहा ठिकाणी तळापर्यंत भोकं पाडा आणि त्यांत विटेची बारीक खडी भरा. हवा आत जाते, आषाढातल्या ढगाळ दिवसांपर्यंत झाड निभावून जातं. निरोगी ज्युनिपरसाठी खरा हंगाम माघाचा, जानेवारी अखेर ते फेब्रुवारी मध्य. ऊन तापायच्या आत नवीन मुळं धरतात.

मूळकूजच निघाली तर हंगाम बघत बसता येत नाही. संध्याकाळी, सावलीत करा. आधी सगळं मांडून ठेवा, मुळं उघडी ठेवून खडी चाळत बसू नका.

मिश्रण: पक्क्या भाजलेल्या विटेचे ३ ते ६ मिलिमीटरचे तुकडे सहा वाट्या, धुतलेली जाड वाळू तीन वाट्या, आणि निरोगी झाडासाठी एक वाटी चाळलेलं पालापाचोळ्याचं खत. आजाऱ्यासाठी खताची वाटी शून्य. वीट ओळखायची असेल तर तुकडे रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी बोटाने दाबून चिखल झाला तर ती कच्ची. भट्टीच्या कडेची फिकट वीट बहुतेक अशीच असते. दोन चाळण्या लागतात: जाड चाळणीत अडकेल ते फेका, रव्याच्या चाळणीतून पडेल तेही फेका, मधलं वापरा. ही भुकटी काढून टाकणं कंटाळवाणं आहे, आणि पुष्कळ जण तिथेच हात आखडतात. तीच भुकटी सहा महिन्यांनी तळाशी सिमेंट होते. मुरूम स्वस्त पडतो पण झिजून त्याचा गाळ होतो. कोकोपीट आजाऱ्याला नकोच. आणि आपली काळी माती कपाशीला सोन्यासारखी असली तरी ट्रेमध्ये चिमूटभरही नको. ओली असताना फुगून हवा अडवते, सुकताना आकसून मुळं तोडते.

कुंडी म्हणाल तर सजावटीचा ट्रे सहा महिने कपाटात ठेवा. गोळ्यापेक्षा दोन बोटं मोठी, साधी भाजलेली मातीची कुंडी घ्या. माठासारखी ती पाझरते आणि मुळं गार ठेवते.

मोजे निघणारी मुळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने निरोगी भागापर्यंत कापा. चांगल्या मुळांना हात नको. खोडाजवळची माती आंबलेली नसेल तर राहू द्या, ज्युनिपर पूर्ण धुऊन नागडं करणं टाळा. भोकांतून तार घालून खोड घट्ट बांधा. आपल्या वावटळीत झाड हललं की नवीन मुळांची टोकं रोज तुटतात. हे बांधणं मी औषधापेक्षा वरचं मानतो. मग काडीने खडी मुळांमध्ये उतरवा, तळातून स्वच्छ पाणी येईपर्यंत भिजवा.

औषध द्यायचंच असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, एकदा. किंवा ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी. दोन्ही एकत्र नको, कारण बुरशीनाशक ट्रायकोडर्मालाही मारतं. कृषी केंद्रात विचारलं तर तुम्हाला पाच बाटल्या मिळतील: ह्युमिक, समुद्री शेवाळ, टॉनिक, काय काय. पैसे वाचवा. युरिया तर चिमूटभरही नाही. ज्याला पाणी ओढता येत नाही त्याच्या मुळांशी मीठ ठेवून काय होणार?

मग वाट बघणं

एकदा हे केलं की वहीत तारीख लिहा आणि दर रविवारी त्याच जागेवरून, त्याच वेळी मोबाइलवर फोटो काढा. रोज बघणाऱ्या डोळ्याला फरक कळत नाही. पहिले तीन-चार आठवडे झाड आणखी वाईट दिसू शकतं, कारण आधीच मेलेली पानं आता कुठे तपकिरी होत असतात. त्या दिवसांत हात शिवशिवतात. पुन्हा उपटून बघावंसं वाटतं. तीन दिवसांनी एकदा काडी, बाकी काही नाही.

सुधारणेची खूण म्हणजे टोकाला पोपटी, मऊ, मुगाच्या कोंबाएवढं काहीतरी. पावसाळ्यात सहा ते आठ आठवड्यांत दिसू शकतं, भर उन्हाळ्यात त्याहून उशिरा. खवल्यांच्या ज्युनिपरवर अचानक टोचरी, सुईसारखी पानं आली तर झाड बदललं नाही. ताणातून उठणारं ज्युनिपर आधी बालपणीची पानं काढतं. ती कापू नका, वर्ष-दोन वर्षांत पुन्हा खवले येतात.

पोपटी टोकं बोटभर वाढली की ऊन दर आठवड्याला अर्धा-पाऊण तासाने वाढवा, आणि खत नेहमीच्या चौथ्या हिश्शाने सुरू करा. मी वस्त्रगाळ केलेलं शेणखताचं पाणी, चहाच्या रंगाइतकं फिकट, पंधरा दिवसांनी एकदा देतो. तार, छाटणी, सजावटीचा ट्रे हे सगळं पुढच्या माघानंतर.

सध्याचं माझं ज्युनिपर असंच वाचलेलं आहे. त्याची उजवी फांदी गेली. ती कापली नाही, साल सोलून लाकूड तसंच ठेवलं. जपानी लोक त्याला जिन म्हणतात. तीन उन्हाळ्यांत ते हाडासारखं पांढरं झालंय. मावशी दर वेळी तिकडे बोट दाखवते, आणि मी दर वेळी तिला डावीकडची पोपटी टोकं दाखवतो.